पीग्लो किट: बारावीच्या पोरांसाठी घ्याच

बारावीला ऑपेरॉन (एकत्र चालू-बंद होणारा जीन्सचा गट) शिकवताना दरवर्षी फळ्यावर चौकोन काढायचे आणि पोरं पाठ करायची, यंदा कॉलेजने जीवाणूत जीन घालून बघायचं पीग्लो हे प्रयोगाचं किट मागवलं आणि खरंच पैसे वसूल. ई. कोलाय जीवाणूमध्ये जेलीफिशचा जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन बनवणारा) जीन असलेला प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, घालायचा, बर्फातून काढून ४२ डिग्रीला ५० सेकंद, परत बर्फात, मग प्लेटवर पसरून ३७ डिग्रीला एक दिवस.

दुसऱ्या दिवशी लाईट बंद करून यूव्ही दिवा धरला तर अ‍ॅरॅबिनोज साखर असलेल्या प्लेटवरच्या वसाहती पोपटी हिरव्या चमकतायत, आणि शेजारच्या बिनसाखरेच्या प्लेटवर तोच प्लाझ्मिड असून नुसत्या पांढरट! जीन दोन्हीकडे आहे, पण साखर नसली की अ‍ॅरासी प्रोटीन डीएनएला वळसा घालून जीनची नक्कल काढणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला अडवतं, साखर चिकटली की आकार बदलून तेच मदतीला येतं, मग एमआरएनए ही नक्कल, मग चमकणारं प्रोटीन. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे जीन असणं वेगळं नि चालू असणं वेगळं." मला एवढंच हवं होतं.

तक्रार एकच, डीलरने पार्सल पंधरा दिवस उशिरा दिलं. इन्क्युबेटर नसेल तर आधी त्याची सोय बघा.