टेकडी, जिम की सतरंजी? थंडीतला संकल्प कुठे टिकतो

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर जिमची पत्रकं लागतात आणि ग्रुपवर विचारणा होते, ‘एक तारखेपासून टेकडी, कोण कोण येतंय?’ पंधरा-वीस अंगठे वर होतात. भोगीच्या दिवशी चढावर बघावं तर दोघंच. आणि ते दोघं नोव्हेंबरातही यायचे.

मी कोथरूडला राहते, वय सत्तेचाळीस, सकाळी सव्वासातच्या आत दोन डबे भरायचे असतात. गेल्या सहा हिवाळ्यांत टेकडी, जिम आणि घरची सतरंजी हे तिन्ही सुरू करून आणि तिन्ही मोडून झालंय. त्यामुळे ही तुलना तटस्थ वगैरे नाही. ज्यांना जानेवारीत एकच काहीतरी धरायचं आहे आणि होळीपर्यंत तरी सोडायचं नाही, त्यांच्यासाठी आहे.

रजईपासूनचं अंतर

शरीराला जास्त फायदा कशाचा, हा प्रश्न मी आता बाजूला ठेवलाय. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. थोडं इकडेतिकडे करून ते माप तिन्हीकडे भरतं. थंडीत नडतं ते वेगळंच. गजर झाल्यापासून व्यायामाचं पहिलं मिनिट सुरू होईपर्यंत मधे किती कामं आहेत, ते.

मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. टेकडीच्या पायथ्याशी पाऊल पडेपर्यंत ३८ मिनिटं गेली. तोंड धुणं, स्वेटर, मोजे, एक मोजा शोधणं, कानटोपी, बूट, किल्ली, गाडी, पार्किंग. जिमला २७. सतरंजीला ४, त्यातली दोन दात घासण्याची. या अडतीस मिनिटांत परत रजईत शिरायचे किमान पाच मोके असतात. चार मिनिटांत एखादाच.

हे अंतर इतकं मोलाचं का, तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला ९६ जणांचा अभ्यास. नवी गोष्ट विचार न करता व्हायला लागायला मधला आकडा आला ६६ दिवसांचा. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. एकवीस दिवसांत सवय लागते हे कुठून आलं कोण जाणे. १ जानेवारीपासून ६६ मोजले तर ७ मार्च येतो. तोवर पुण्यात पंखे सुरू झालेले असतात. म्हणजे सवय मुरायचा बहुतेक काळ थंडीतच जातो.

टेकडी

फुकट आहे, आणि दुसऱ्या शहरातली माणसं हेवा करतात अशी आहे. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी. कुठलीतरी एक बहुतेकांच्या आवाक्यात येते. वेताळ टेकडीवर पायवाटेवर अचानक मोर आडवा जातो, त्याची बरोबरी ट्रेडमिलसमोरचा टीव्ही काय करणार. गप्पा होतात, ओळखी होतात. मन ताजं राहण्याच्या बाबतीत टेकडी बाकी दोघांच्या कितीतरी पुढे आहे, यात वाद नको.

पण ‘पहाटेची शुद्ध हवा’ हे हिवाळ्यात अर्धंच खरं. रात्री जमीन पटकन गार होते, तिला लागून गार हवेचा थर बसतो आणि त्याच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. गाड्यांचा, शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर त्या झाकणाखाली अडकून राहतो. सात-साडेसातला वरून शहराकडे बघा, राखाडी पट्टा डोळ्यांनी दिसतो. ऊन चांगलं तापल्यावर तो विरतो. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ‘सफर’ यंत्रणा पुण्याच्या हवेचा निर्देशांक देते. २०० ओलांडला की ‘खराब’ वर्ग लागतो. दमा असेल तर त्या दिवशी टेकडी नकोच, बाकीच्यांनीही धावण्याचा हट्ट धरू नये.

दुसरी गोष्ट बीपीवाल्यांसाठी. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि पहाटे तो तसाही चढत असतो. रजईतून उठून थेट चढाला भिडणं म्हणून वाईट. घरातच सात-आठ मिनिटं हातपाय हलवून अंग गरम करा, कान झाका, आणि गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने चढा. उतरताना मुरूम घसरतो, तिथे गुडघे बोलायला लागतात. शिवाय जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. सहाला एकट्या बाईने टेकडीवर जावं का, याचं उत्तर मला घरच्यांनी द्यायची गरज पडली नाही. म्हणजे उजाडायची वाट बघायची, आणि तेव्हा माझे डबे असतात.

जाता जाता: पायथ्याशी दुधीचा रस मिळतो. घोट कडू लागला तर पैसे दिलेत म्हणून संपवू नका, ओतून टाका. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होते, माणसं दगावलेलीही आहेत.

जिम

आमच्याकडे हा विभाग नवऱ्याचा. तीन वर्षांपूर्वी ‘न्यू इयर ऑफर’मध्ये त्याने वर्षाचे चौदा हजार एकदम भरले आणि सतरा दिवस गेला. एका खेपेला आठशे तेवीस रुपये. पैसे परत मिळत नाहीत हे पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं. जानेवारीत तिथे ट्रेडमिलसाठी रांग असते, मार्चमध्ये हव्या त्या मशीनवर हवा तेवढा वेळ. वर्षाची सवलत देणाऱ्याला हा मार्च पक्का ठाऊक असतो. महिन्याचे भरा, फार तर तीन महिन्यांचे. महाग पडलं तरी स्वस्त पडतं.

तरी जिमला नावं ठेवून मोकळं होता येत नाही. वजनं तिथेच आहेत. चाळिशीनंतर स्नायू झिजायला लागतात, बायकांची पाळी थांबली की हाडंही, आणि त्यावर टेकडी चढणं पुरेसं नाही. पाय होतात, खांदे-पाठ राहून जातात. एक बरा शिकवणारा मिळाला तर पहिल्या दोन महिन्यांत त्याच्याकडून शिकलेलं पुढे घरीही कामाला येतं. थंडी, अंधार, धूर सगळं काचेबाहेर राहतं. आणि मुख्य म्हणजे जिम संध्याकाळी उघडं असतं. सकाळी उठणं ज्यांच्या प्रकृतीतच नाही, त्यांनी पहाटेच्या फंदात पडूच नये. ऑफिसातून येताना वाटेत जिम असेल तर रजईचा प्रश्नच मिटतो. घरी येऊन, पाय धुऊन, परत निघायचं असेल तर मात्र ते होत नाही. आम्ही करून पाहिलंय.

सतरंजी

बारा सूर्यनमस्कार, सावकाश घातले तर दहा मिनिटं. आमच्या शाळेत रथसप्तमीला सामूहिक नमस्कार असायचे, गार फरशीवर कपाळ टेकलं की शहारा यायचा तो अजून आठवतो. साताऱ्याकडच्या औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी नमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले. त्यामागचा हिशोब अजूनही चोख आहे. साधन लागत नाही, जागा अंगभर पुरते.

माझे नमस्कार स्वयंपाकघराच्या दारात होतात. कुकर लावायचा आणि सुरू करायचं. तीन शिट्ट्यांत सहा होतात. गॅस बंद करायचा, उरलेले सहा. कुणी बघत नाही, कपडे कसले आहेत विचारत नाही.

कुणी बघत नाही हाच तोटाही आहे. कंबर चुकीची वाकतेय हे सांगणारं कोणी नसतं, आणि ‘आज राहू दे’ म्हटलं तरी कोणाला कळत नाही. थंडीत अंग आखडलेलं असतं, पहिले दोन नमस्कार तब्येतीत, अर्धेमुर्धेच घालावेत. स्लिप डिस्क, वाढलेलं बीपी किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टर. आणखी एक उणीव माझ्या फार उशिरा ध्यानात आली: नमस्कारात जमिनीला ढकलणं आहे, ओढणं नाही. म्हणून मी शेवटी पाच लिटरचा तेलाचा डबा वाकून कमरेपर्यंत ओढते, प्रत्येक हाताने दहा वेळा. घरात त्यावर हसतात.

खाडा पडला तर

लॅलीबाईंच्या अभ्यासात आणखी एक दिलासा आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हिवाळ्यात एकदा तरी सर्दी होणारच. नुसतं नाक वाहत असेल तर हलकं काही चालतं. ताप किंवा छातीत कफ असेल तर गप पडून राहायचं. प्रश्न नंतरचा आहे. आजारपणानंतर मी सतरंजीवर तिसऱ्या दिवशी परतले, टेकडीवर एकदा परतले ते दिवाळीनंतर.

खाण्याचंही थोडं तसंच. स्वीडनमध्ये हजाराहून जास्त लोकांचे नववर्षसंकल्प वर्षभर तपासले, तो अभ्यास २०२० साली आला. ‘अमुक करीन’ म्हणणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के यशस्वी झाले, ‘अमुक सोडीन’वाल्यांपैकी ४७. आपल्याकडे एक तारखेला ‘गोड बंद’ म्हणणाऱ्याच्या हातावर चौदाला तिळगूळ पडतो, मग संकल्प कसला टिकतोय. त्यापेक्षा ‘आठवड्यातून तीनदा बाजरीची भाकरी’ धरा. पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगं, वरून तीळ. भोगीची भाजी एकाच दिवशी करायची असा काही नियम नाही. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हणणाऱ्या बायकांना बाजारात कधी काय स्वस्त असतं ते माहीत होतं. डिंकाचा लाडू खायचा, पण एक.

मग निवड

सकाळी घरात कामाचा रेटा असेल किंवा याआधी दोनदा संकल्प मोडला असेल, तर सतरंजी, डोळे झाकून. निवृत्त असाल, गुडघे बरे असतील आणि साडेआठला निघायची मुभा असेल, तर टेकडी; कोवळ्या उन्हात तिच्यासारखं सुख नाही. चाळिशी उलटली आहे, वजन कधी उचललं नाही आणि ऑफिसच्या वाटेवर जिम आहे, तर जिम, पण संध्याकाळी आणि महिन्याच्या पावतीवर. तिन्ही एकदम सुरू करणाऱ्यांना मी टोकत नाही, फेब्रुवारीत भेटते.

यंदा नवऱ्याने तीन महिन्यांचेच भरलेत. रविवारी नऊला दोघं टेकडीवर जातो. माझी सतरंजी रात्रीच अंथरून ठेवते, सकाळी तेवढी एक पायरी वाचते. त्यावर मांजर झोपलेलं असतं, ते उठवायला लागतं.