दुकानाचं वायफाय वेगळं, घरचं वेगळं: मायक्रोटिक एचएपी लाइट

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात घराच्या पुढच्या खोलीत मी ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते. पीकविमा, सातबारा, शिष्यवृत्ती, सगळं. फायबरचं कनेक्शन एकच, अन् त्याचा पासवर्ड ओट्यावर बसणाऱ्या साऱ्या पोट्ट्यांना पाठ. लोक विश्वासानं आधार, पासबुक हातात देतात. त्यांच्या स्कॅन प्रती असलेला लॅपटॉप त्याच वायफायवर ठेवणं मला पटत नव्हतं, म्हणून एचएपी लाइट हा दुसरा राऊटर घेतला.

दोन राऊटर लावताना कोणता पुढं अन् कोणता मागं, यावरच सगळं आहे. बरेच जण पाहुण्यांना दुसरा राऊटर देतात अन् आपलं सामान पहिल्यावर ठेवतात. त्यात उलटंच होतं. दुसऱ्या राऊटरच्या लेखी पहिल्याचं नेटवर्क म्हणजे बाहेरचं जग, अन् आतल्यानं बाहेर जायला तो अडवत नाही. म्हणजे पाहुण्याचा मोबाइल तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचू शकतो. ओसरी अन् माजघरासारखं ठेवा: गिऱ्हाईक पहिल्या राऊटरवर, जपायचं ते दुसऱ्याच्या आत.

एचएपी लाइटला हे मुळातच जमतं. फायबरच्या डब्याची, म्हणजे पहिल्या राऊटरची, केबल १ नंबरच्या पोर्टातच लावायची. बाकीचे ३ आतल्यांसाठी. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.८८.१, डब्याचा १९२.१६८.१.१, त्यामुळे पत्ते भिडत नाहीत. बाहेरून आपणहून आत येऊ पाहणारं सगळं त्याची मूळची फायरवॉलच, म्हणजे दारावरचा पहारेकरी, टाकून देते. दुकानाच्या वायफायवरून आतल्या लॅपटॉपचं शेअर फोल्डर उघडून पाहिलं, उघडलं नाही. उलट आतून दुकानाच्या प्रिंटरवर प्रिंट निघते, हे मला फार सोयीचं. तेही नको असेल तर फायरवॉलमध्ये ती वाट अडवणारा एक ‘ड्रॉप’ नियम वाढवावा लागतो.

सेटिंगमध्ये ‘ब्रिज’ मात्र निवडू नका, दोन्ही नेटवर्क एक होतात. अन् आतला सगळा डेटा बाहेरच्या डब्यातूनच जातो, तेव्हा त्याचाही ॲडमिन पासवर्ड बदला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. हा ५ व्होल्टवर, साध्या मायक्रो यूएसबीवर चालतो. लोडशेडिंगमध्ये पॉवर बँकेवर राहतो. फक्त चार्ज होतानाही करंट देणारी पॉवर बँक पाहून घ्या. फायबरच्या डब्याला मिनी यूपीएस आहेच. जुलैत अर्जांची झुंबड असते तेव्हा लाइन गेली तरी काम थांबत नाही.

मेन्यू पाहून पहिल्यांदा घाबरायला होतं, सेटिंग फार आहेत. ‘क्विक सेट’पुरतं बघा, बाकी सावकाश शिका. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झ, पोर्ट १०० एमबीपीएसचे. मोठा प्लॅन असेल किंवा घरात ४-५ जण एकाच वेळी व्हिडिओ पाहत असतील तर हा घेऊ नका. आमचा प्लॅन ५० एमबीपीएसचा, अन् आत दोनच लॅपटॉप, त्यांना हा पुरून उरतो.