बोट की समुद्रकाठचं घर: प्रश्न वरच्या कडीचा

ज्यांचं मूल तीन-चार वर्षांचं आहे, नावानं हाक मारली की तीनदा वळत नाही आणि चौथ्यांदा वळतं, ज्याला खेळण्यातल्या गाडीपेक्षा तिच्या चाकात जास्त रस आहे, आणि ज्याच्यासाठी डेव्हलपमेंटल पेडिअ‍ॅट्रिशियनची (मुलांच्या वाढ-विकासाच्या डॉक्टरची) तारीख थेट पुढच्या वर्षातली मिळालीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत राहतो. आमच्या गुंड्याचं अर्ली इंटरव्हेन्शन (तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची सरकारी थेरपी योजना) तिसऱ्या वाढदिवसाला संपलं, आता फाइल शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे आहे. ऑटिझम 'असू शकतो', एवढंच सगळे म्हणतात. निदान होईपर्यंत सुट्टीच घ्यायची नाही असं काही जण करतात. आम्ही नाही केलं. आई-बाबा पुण्याहून उन्हाळ्यासाठी येतात, त्यांना समुद्र हवा असतो आणि आम्हाला झोप.

तर दोन सुट्ट्या. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये जर्सीच्याच किनाऱ्यावर वाइल्डवुडला आठवडाभर भाड्याचं घर, तेव्हा गुंड्या पावणेतीनचा. आणि यंदा मे महिन्यात न्यू यॉर्क बंदरातून बर्म्युडाची पाच रात्रींची क्रूझ, तेव्हा साडेतीनचा. मधल्या नऊ महिन्यांत तो मोठाही झाला, ते माझ्या मतातून तेवढं वजा करून वाचा. बोटीच्या कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण कुरकुरीही आहेत आणि त्या कुठल्याही बोटीवर निघाल्या असत्या.

घराच्या बाजूनं बोलायचं तर पहिला मुद्दा स्वयंपाकघर. गुंड्या वरण-भात, दही-भात, केळं आणि एका विशिष्ट आकाराचे फ्राइज एवढंच खातो. आईनं कुकर लावला की प्रश्न मिटतो. दुसरं, वेळापत्रक आपलं. सकाळी सातला वाइल्डवुडच्या किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं. किनारा इतका रुंद की पाण्यापर्यंत सामान न्यायला लोक चाकांच्या गाड्या ओढतात. जर्सीतल्या बाकीच्या बऱ्याच बीचवर लागतो तसा प्रवेशाचा बॅजही इथे विकत घ्यावा लागत नाही. तिसरं आणि मोठं: फारच बिनसलं तर गाडीत बसून दोन-सव्वादोन तासांत घरी. बोटीवरून अटलांटिकच्या मधोमध घरी जाता येत नाही. ही गोष्ट निघायच्या आधी आठवडाभर माझ्या पोटात गोळा आणत होती.

वाइल्डवुडच्या बोर्डवॉकवर पिवळी-निळी ट्राम फिरते, १९४९ पासून. गर्दीतून वाट काढताना तिच्यावरची रेकॉर्ड एकच वाक्य म्हणते: 'वॉच द ट्राम कार, प्लीज.' गुंड्यानं ते पहिल्या संध्याकाळी उचललं, त्याच बाईच्या त्याच सुरात, आणि ऑक्टोबरपर्यंत म्हणत राहिला. आंघोळीत, गाडीत, आजोबा पेपर वाचताना. त्याआधी त्यानं पाच शब्दांचं सलग वाक्य कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे आम्ही कुणीच तक्रार केली नाही. स्पीच थेरपिस्टनं वहीत लिहून घेतलं.

आता ती कडी.

पोचल्यावर आईनं दारं बघितली आणि विचारलं, "अरे, वरची कडी कुठाय?" पुण्यात आमच्या घराला, काकांकडे, गावच्या वाड्याला, सगळीकडे दाराला वर कडी असते. मूल रांगायला लागलं की खालच्या कडीवरचा विश्वास संपतो आणि वरची लावायची सवय लागते. अमेरिकेतल्या घरांना ती नसते. असतो तो गोल नॉब आणि त्याच्या थोडा वर डेडबोल्ट, आतून चिमटीत धरून फिरवायचा. कुलूप लावलेला नॉबसुद्धा आतून फिरवला की बहुतेक वेळा उघडतो, आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून. समजण्यासारखं आहे. पण पावणेतीन वर्षांच्या मुलाच्या खांद्याच्या उंचीवर, गोल फिरणारी, टक्‌ आवाज करणारी पितळी वस्तू! ज्या मुलाला जगात फिरणाऱ्या वस्तूच तेवढ्या आवडतात, त्याला ती उघडायला एक दुपार पुरली.

दुसऱ्या रात्री, म्हणजे पहाटे पाचला, बायकोला गार वारा लागला म्हणून जाग आली. दार सताड उघडं. मी अनवाणी रस्त्यावर. तिसऱ्या घराच्या ड्राइव्हवेमध्ये गुंड्या डायपरवर उकिडवा बसला होता, शेजाऱ्यांची बीचवर न्यायची गाडी आडवी पाडलेली आणि तिचं एक फुगीर चाक तो एका बोटानं फिरवत होता. थांबलं की पुन्हा. मला बघून आनंद नाही की भीती नाही. समुद्र त्या रस्त्याच्या टोकाला, चार ब्लॉकवर.

त्यानंतरच्या पाच रात्री सुट्टी नव्हती, राखण होती. मुठीला स्टीलचं भांडं अडकवलं, त्यात चमचे. बाबांनी दारासमोर आरामखुर्ची टाकली. मागच्या सरकत्या काचेच्या दाराच्या खोबणीत आम्ही झाडूचा दांडा घातला. घरी आम्ही सगळ्या दारांना वर बोल्ट बसवलेत, पण दुसऱ्याच्या भाड्याच्या घरात ड्रिल कोण मारणार? हा माझा एकट्याचा भित्रेपणा नव्हे. २०१२ मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात पाहणी आली होती, त्यात चार वर्षांवरच्या ऑटिस्टिक मुलांपैकी निम्म्याजवळ मुलांनी कधी ना कधी असं निघून जायचा प्रयत्न केलेला होता. हे मी परत आल्यावर वाचलं. आधी वाचलं असतं तर घर घेतलंच नसतं.

त्याच आठवड्यात एक काम नकळत चांगलं झालं. जवळच्या केप मेहून डेलावेअर राज्यातल्या लुईसला जाणारी फेरी घेतली, डेलावेअर बे ओलांडून सुमारे ८५ मिनिटं. समुद्राचं त्याला काही वाटलं नाही, भोंग्याचं वाटलं. कान झाकणारे हेडफोन तेव्हापासून बॅगेत असतात. क्रूझचा विचार असेल तर आधी अशी एखादी छोटी फेरी कराच. मुंबईकरांना तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आहे, तासाभराची. तासाभरात कळतं ते फोटो बघून कळत नाही.

बोटीचं बुकिंग करताना स्पेशल नीड्सचा फॉर्म येतो. त्यावरून घरात थोडं वाजलं. आईचं म्हणणं, "अजून काही ठरलेलं नाही, कशाला कागदावर लिहायचं?" तिचं चुकतं असं मला म्हणवत नाही. बायकोनं मग शहाणपणाचा रस्ता काढला. निदानाच्या रकान्यात 'तपासणी चालू' आणि खाली नुसतं वागणं: मोठा आवाज सहन होत नाही, रांगेत उभा राहत नाही, निघून जातो. आमच्याकडे कुणी सर्टिफिकेट मागितलं नाही आणि टर्मिनलवर आम्हाला बाजूच्या रांगेतून लवकर आत घेतलं. फॉर्म भरायचा तो शिक्क्यासाठी नाही, त्या रांगेसाठी. रॉयल कॅरिबियनसारख्या काही कंपन्या याहून पुढे आहेत. मुलांच्या क्लबमध्ये तीन ते अकरा वयाच्या मुलांना वयाऐवजी क्षमतेनुसार गटात बसवतात, खेळणी उसनी देतात. 'ऑटिझम ऑन द सीज' ही संस्था तर शिकवलेली माणसं बरोबर देऊन सफरी काढते. आम्हाला तेवढ्याची गरज वाटली नाही, तुम्हाला वाटू शकेल.

बोटीच्या कुरकुरी दोन. एक, सुरक्षा कवायत. अलीकडे बऱ्याच बोटींवर व्हिडिओ फोनवर बघायचा आणि आपल्या ठिकाणी तोंड दाखवून यायचं, एवढंच असतं. पण सात छोटे आणि एक लांब, असा भोंगा वाजतोच. वेळ आधी विचारून ठेवा आणि हेडफोन घाला. दुसरी कुरकुर गंभीर: संडासाचा फ्लश. विमानात असतो तसा व्हॅक्यूमचा, कपाटाएवढ्या न्हाणीघरात, आणि आवाज असा की बाबाही पहिल्यांदा दचकले. गुंड्यानं एकदा ऐकला आणि पुढचे पाच दिवस त्या दारात पाऊल टाकलं नाही. आठ महिन्यांची पॉटीची मेहनत दोन दिवसांत धुतली गेली. त्याची साखळी पुढे लांबते. डायपरमधल्या मुलाला मोठ्या तलावात उतरू देत नाहीत, स्विम डायपर असला तरी. तीन वर्षांवरच्या मुलांच्या क्लबलाही डायपर चालत नाही. म्हणजे जाहिरातीत दिसणाऱ्या दोन गोष्टी दोन दिवसांतच आमच्यासाठी बंद. घरचं प्लॅस्टिकचं पॉटी सोबत न्या. आम्ही ते नेलं नाही, जागा खाईल म्हणून. बॅगेत सहा जीन्स मात्र नेल्या.

जेवणाची भीती होती तेवढी निघाली नाही. बुफे दुपारी साडेबाराला म्हणजे दादर स्टेशन, तिथे जाऊच नका. सकाळी साडेसहाला गेलं तर खिडकीपाशी टेबल आणि शांतता. भात रोज असतो. आमच्या टेबलाचा वेटर सावंतवाडीकडचा निघाला. पहिल्या रात्री आईनं त्याला मालवणीत काहीतरी सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून मेन्यूत नसलेलं बिनफोडणीचं पिवळं वरण वाटीत यायला लागलं. अशी माणसं या बोटींवर खूप भेटतात, गोव्याची, कोकणातली. ओळख काढायला लाजू नका.

आणि आता ती खोली. आम्ही बाल्कनी घेतली नव्हती. चढणाऱ्या मुलाबरोबर बाल्कनी म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली काळजी, निदान मला तरी तसं वाटतं. आतल्या बाजूच्या, खिडकी नसलेल्या दोन केबिन, मधलं दार उघडणाऱ्या. मित्रांनी हसून घेतलं, समुद्रावर जाऊन समुद्र न दिसणारी खोली. पण दिवा घालवला की डोळ्यात बोट घातलं तरी कळणार नाही असा काळोख. वाइल्डवुडला पडद्याच्या फटीतून साडेपाचला उजाडायचं आणि दिवस सुरू. इथे उजाडतच नाही. इंजिनाची बारीक घरघर, थोडा झोका. गुंड्या पहिल्या रात्री दहा तास झोपला. दुसऱ्या रात्रीही. घड्याळ बर्म्युडासाठी एक तास पुढे गेलं तेही त्याला कळलं नाही. मी आणि बायको अंधारात एकमेकांना विचारत होतो, तो श्वास घेतोय ना.

दाराला कडी इथेही नाही. पण दार जड आहे, आपोआप मिटतं, आणि गुंड्यानं मूठ दाबली तरी त्याला ते ओढवेना. त्यानं चारदा प्रयत्न केला, पाचव्यांदा माझ्याकडे येऊन माझा हात धरून दारापाशी नेला. जो मुलगा काही मागत नाही, त्यानं मला हाताला धरून मागितलं. निघून जायच्या ऐवजी विचारायला आला. बोटीनं मला जिंकलं ते तिथे. आणि समजा निसटलाच असता, तर बाहेर रस्ता नाही, गाड्या नाहीत. लांबलचक कॉरिडॉर आहे आणि दर वीस पावलांवर कुणीतरी कर्मचारी. पूल मात्र आहेत, म्हणून अगदी निर्धास्त नव्हतो. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, त्यांना लोहचुंबक चिकटतो. दिवसाची चित्रं आम्ही त्यावरच लावली: जेवण, लिफ्ट, झोप.

लिफ्ट हो. रोज चाळीस मिनिटं आम्ही आळीपाळीनं त्याला लिफ्टमधून वर-खाली नेलं, आणि आकडे बघून तो हात फडफडवत हसत होता. कॉरिडॉरच्या गालिच्यावर मासे होते, सगळे बोटीच्या पुढच्या दिशेला तोंड करून. तो पालथा झोपून एकेक मोजायचा. टीव्हीवर एक चॅनल बोटीच्या नाकावरच्या कॅमेऱ्याचं, दिवसरात्र नुसता समुद्र. रात्री तोच आमचा झिरोचा दिवा.

बर्म्युडाबद्दल फार लिहीत नाही. बोट किंग्ज वॉर्फला थेट धक्क्याला लागते, छोट्या होडीत बदलायला लागत नाही, आमच्यासारख्यांसाठी हे महत्त्वाचं. तिथून गुलाबी बस हॉर्सशू बेच्या बीचला जाते. गुंड्याला वाळूपेक्षा बस आवडली. आम्ही उतरलो नाही, त्याच बसनं परत आलो. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांच्या अमेरिकेच्या व्हिसावर पुन्हा आत येता येतं ना, एवढं बुकिंगआधी बघून घ्या.

ज्यांचं मूल निघून जात नाही, जागेवर बसून रमतं आणि ज्याचं सगळं बिनसणं आवाजावरून आणि खाण्यावरून होतं, त्यांनी कदाचित घरच घ्यावं. स्वयंपाकघराला तोड नाही. परतीचा रस्ता हाताशी असण्याचंही मोल आहे, समुद्रावरच्या दुसऱ्या दुपारी गुंड्या जेवणाच्या दारात अर्धा तास आडवा पडला तेव्हा मला ते फार आठवलं. पैशाचं म्हणाल तर आमच्या हिशेबात दोन्हीकडे साधारण सारखेच गेले. पण ज्यांच्या घरी दारांना वर बोल्ट आहेत, त्यांनी मला विचारलं तर मी बोट म्हणेन. आतली केबिन, पॉटी सोबत.

पुढच्या मे महिन्यासाठी आम्ही पुन्हा नोंदणी केलीय, रद्द केली तर पैसे परत मिळतील अशी, कारण डॉक्टरची तारीख एप्रिलमध्ये आहे. गेल्या रविवारी फोनवर आईला सांगितलं.

"बोटीच्या दाराला कडी बसवलीय का त्यांनी आता?" तिनं विचारलं.

"नाही गं. दार जड आहे ना."

"तोवर तो साडेचारचा होईल," ती म्हणाली.

दाराला चिकटवायचा, उघडलं की वाजणारा अलार्म मी सोमवारी मागवला. दोन मागवले.