शाळेतील 65 इंची डिजिटल पॅनेल : दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेत पहिली ते सातवीचे 86 विद्यार्थी आणि चार शिक्षक आहेत. दोन वर्षांपूर्वी, जूनअखेरीस शाळा उघडली त्याच आठवड्यात, आम्ही 65 इंची इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटाच्या स्पर्शाने चालणारा टीव्हीसारखा मोठा पडदा, भिंतीवर बसवले. सध्या आमच्या केंद्रातील तीन-चार गावांत अशाच खरेदीचा विषय निघाला असून तेथील शिक्षक ‘कसे आहे हो तुमचे?’ असे विचारतात. यंत्र चांगले आहे, एवढ्या उत्तराने त्यांचे काम भागणार नाही, म्हणून हिशेबासह लिहीत आहे.

पॅनेलची किंमत 1,18,000 रुपये पडली. 31 ते 100 पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला 25,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते आणि त्यातच खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती व स्वच्छता भागवावी लागते. म्हणजे हे एक यंत्र आमच्या पावणेपाच वर्षांच्या अनुदानाएवढे होते. 61,000 रुपये लोकवर्गणीतून आले, बाकीचे ग्रामपंचायतीने दिले. शाळा व्यवस्थापन समितीच्या ज्या सभेत ठराव मांडला, त्या सभेत एका सदस्य ताईंनी सरळ विचारले, “सर, टाकीचा नळ तीन महिने झाले गळून रायला, अन् तुमी टीव्ही आनून रायले?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ठराव महिनाभर लांबणीवर टाकला, आधी नळ दुरुस्त केला आणि दरम्यानच्या काळात पॅनेल नेमके कोणत्या वर्गाला, कोणत्या विषयातील कोणत्या अडचणीसाठी हवे आहे, ते एका कागदावर लिहून काढले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 नुसार समितीला शाळा विकास आराखडा करावाच लागतो. आमच्याकडे तो दरवर्षी मागील वर्षाची तारीख बदलून होत असे, हेही कबूल केले पाहिजे. त्या एका पानाचा उपयोग पुढे विक्रेत्याच्या रंगीत माहितीपुस्तिकेपेक्षा कितीतरी जास्त झाला.

त्या पानावर सहावी-सातवीची भूमिती आणि पाचवीपासूनचे नकाशावाचन एवढेच होते, आणि पॅनेलने आपले मोल तेथेच दाखवले. कोनाच्या भुजा लांब काढल्या की कोन मोठा होतो, अशी मुलांची ठाम समजूत असते. फळ्यावर कितीही सांगितले तरी ती जात नाही. सहावीच्या एका मुलीने पॅनेलवर 60 अंशांचा कोन काढला आणि एक भुजा बोटाने ओढत थेट पडद्याच्या कडेपर्यंत नेली. आकडा 60 च राहिला. तिने दुसरी भुजा ओढली, मग दोन्ही लहान केल्या, आणि मागे वळून वर्गाकडे पाहिले. त्यानंतर मला काही बोलावे लागले नाही.

याउलट पहिली ते चौथीसाठी हे यंत्र आमच्याकडे जवळजवळ निरुपयोगी ठरले. चार वर्ग दोन शिक्षकांकडे असल्याने एका खोलीत दोन वर्ग बसतात. दुसरीला गोष्ट दाखवायला घेतली की शेजारी वजाबाकी करणारी तिसरी पाटी बाजूला ठेवून पडद्याकडे पाहू लागते. बहुवर्ग अध्यापनात एका गटाला गुंतवून दुसऱ्याकडे वळता आले पाहिजे. मोठा पडदा सगळ्यांनाच एकाच वेळी ओढून घेतो. या वर्गांना मणी, काड्या, अक्षरकार्डे आणि फार तर दोन टॅबलेट अधिक उपयोगी पडले असते.

किंमत सोडून जो खर्च होतो, तो दरपत्रकात कोठेच नसतो. इन्व्हर्टर व बॅटरीला 26,000, अर्थिंग व वायरिंगला 6,500, पाच वर्षांत एकदा बॅटरी बदलण्याचे 14,000 आणि महिना 500 रुपयांप्रमाणे इंटरनेटचे 30,000 धरले, तर पाच वर्षांचा आकडा 1,94,500 रुपयांवर जातो, वर्षाला 38,900. विजेचा भार मात्र वाटतो तेवढा नाही. पॅनेल सुमारे 180 वॅट घेते. रोज तीन तास आणि वर्षाचे 220 दिवस धरले तरी 119 युनिटच होतात. प्रश्न वीज नसण्याचा आहे. 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीची निम्मी शक्ती वापरायची ठरवली, तर एकटे पॅनेल सुमारे पाच तास चालते. त्याच इन्व्हर्टरवर दोन पंखे जोडले की अडीच तासांत आटोपते. आम्ही पंख्यांची जोडणी वेगळी केली. इंटरनेटवरही विसंबू नये. दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावरील व्हिडिओ घरी किंवा तालुक्याच्या ठिकाणी उतरवून पेनड्राइव्हमध्ये आणणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

आपल्याकडच्या हवेचा विचार हे यंत्र बनवणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही. माहितीपत्रकात वापराची मर्यादा 40 अंशांपर्यंत दिली आहे; एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेतही साडेदहानंतर पत्र्याच्या छताखाली आम्ही ते बंदच ठेवतो. स्पर्श ओळखण्यासाठी चौकटीतून अवरक्त किरण सोडलेले असतात, आणि त्यांच्या वाटेत काहीही आले की यंत्राला ते बोटच वाटते. पावसाळ्यात उजेडाला आलेले किडे चौकटीवर बसले आणि पडद्यावर आपोआप रेघा उमटू लागल्या, तेव्हा मुलांनी भूत आल्याचे जाहीर करून टाकले. शेजारच्या फळ्यावरची खडूची भुकटी चौकटीच्या खाचेत साचूनही हेच होते. आता रोज सकाळी कोरड्या मऊ कपड्याने चौकट पुसणे हे सातवीच्या पाळीतले काम आहे.

सेवेबाबत मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. सातव्या महिन्यात डाव्या बाजूचा स्पर्श बंद पडला. तीन वर्षांची हमी होती. पण ती यंत्र दुकानात नेऊन दिल्यास लागू होते, हे विक्रेत्याने तेव्हा सांगितले. खरेदीच्या वेळी तो ‘तीन वर्षे काळजीच नको’ म्हणाला होता आणि आम्हीही छापील अटी वाचल्या नव्हत्या. भिंतीवरून उतरवलेले पॅनेल गादीत गुंडाळून, टेम्पो करून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. जाण्या-येण्याचे 3,200 रुपये शिक्षकांनी खिशातून भरले आणि यंत्र 23 दिवसांनी परत आले. दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता करताना आम्ही इंच, मेमरी आणि किंमत यांचे रकाने आखले होते. दुरुस्ती कोठे होणार आणि किती दिवसांत, हा रकानाच नव्हता. डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद झाली की खरेदी संपली, ही आपली जुनी सवय येथे महागात पडते.

शिकण्यात किती फरक पडला, असे गटसंमेलनात विचारतात. युनेस्कोच्या 2023 च्या जागतिक शिक्षण अहवालातही म्हटले आहे की शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या उपयुक्ततेचे निःपक्ष पुरावे कमी आहेत आणि बराचसा पुरावा ते विकणाऱ्यांकडूनच येतो. त्यामुळे मी टक्केवारी सांगत नाही. आम्ही फक्त वापर नोंदवही ठेवली. पहिल्या महिन्यात रोज पाच तासिका आणि त्यातल्या बहुतेक नुसते व्हिडिओ; दुसऱ्या वर्षी आठवड्याला नऊ तासिका आणि जवळपास सगळ्या भूमिती, भूगोल व विज्ञानाच्या. दुसऱ्या आकड्याने मला अधिक समाधान दिले.

पाचवी ते सातवीचे स्वतंत्र वर्ग, वेगळा इन्व्हर्टर आणि शाळेत येऊन दुरुस्तीची लेखी हमी असेल, तर एवढी रक्कम घालणे समर्थनीय आहे. दोनशिक्षकी शाळेने मात्र घाई करू नये. आमची हमी पुढच्या जूनमध्ये संपते. वार्षिक देखभाल कराराचे दरपत्रक विक्रेत्याने पाठवले, तेव्हा समितीने ‘शाळेत येऊन, सात दिवसांत’ हे शब्द त्यात लिहून, सही-शिक्क्यासह परत पाठवण्यास कळवले. त्याला आता पाच आठवडे झाले.