पायथनचे इजअपर, इजअल्फा वगैरे: द्राक्षांचा अख्खा हंगाम वापरल्यावर

दिंडोरी रोडवरच्या एका पॅकहाऊसची गेट एन्ट्री मी पायथनमध्ये लिहून दिली होती. आता गाड्यांची वर्दळ थांबली आहे, तेव्हा या मेथड्सबद्दल, म्हणजे मजकूर तपासून ट्रू (हो) किंवा फॉल्स (नाही) सांगणाऱ्या पायथनच्या तयार आज्ञांबद्दल, निवांत लिहिता येईल.

इजअपर कामाचा आहे, पण ‘सगळं कॅपिटल आहे का’ हे तो बघतच नाही. ज्या अक्षरांना कॅपिटल-स्मॉल असा भेद आहे तेवढीच तो बघतो. त्यात एकही स्मॉल नको आणि निदान एक कॅपिटल हवं, एवढंच. म्हणून एमएच १५ पासूनचा पूर्ण गाडी नंबर आकडे, स्पेस, डॅशसकट ट्रू. वॉचमनने घाईत शेवटचे चार आकडेच टाकले की फॉल्स. स्मॉलसाठी हेच बघणारा इजलोअरही फॉल्स! रिकाम्या स्ट्रिंगलाही (स्ट्रिंग म्हणजे मजकुराचा तुकडा) तसंच. नुसत्या आकड्यांवर ‘कॅपिटलमध्ये लिहा’ असा मेसेज झळकला, तर तो बिचारा कॅप्स लॉक दाबत बसणार. काहींना वाटतं, स्ट्रिंग तिच्याच अपरशी (अपर म्हणजे सगळं कॅपिटल करून देणारी मेथड) ताडून पाहिली तरी तेच. पण आकडे आणि रिकामी स्ट्रिंग तिथे ट्रू येतात. गाडी नंबर येईल तसा घ्या, अपर लावा, फॉरमॅट वेगळा तपासा.

प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे का हे बघणाऱ्या इजटायटलकडे मी फिरकत नाही. तसं करून देणारा टायटल तर पत्त्यातल्या ‘2nd floor’मध्ये आकड्यापुढचा एनही कॅपिटल करून ठेवतो. तिथे फक्त स्पेसवर शब्द तोडणारा कॅपवर्ड्स बरा.

देवनागरीत हा भेदच नाही, त्यामुळे ‘निफाड’ला इजअपर आणि इजलोअर दोन्हीकडे फॉल्स. शेजारी एक रोमन कॅपिटल ए टाका, अख्खी स्ट्रिंग इजअपर होते. हेही एक वेळ चालेल.

डोक्यात जातो तो ‘सगळी अक्षरंच आहेत का’ हे बघणारा इजअल्फा. युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवरच्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांची प्रमाण यादी) काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांचा वर्ग ‘मार्क’, ‘लेटर’ नव्हे, आणि इजअल्फाला फक्त लेटर चालतात. नाशिक जिल्ह्यातल्या १५ तालुक्यांची नावं त्यातून काढली तर पास होतं एकटं कळवण, कारण त्यात काना-मात्रा काहीच नाही. खुद्द नाशिक नापास! शेतकऱ्याच्या नावाला ही चाळणी लावूच नये. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधून प्रत्येक चिन्हाची कॅटेगरी काढून ती एल (लेटर) किंवा एमने (मार्क) सुरू होते का ते बघायचं, स्पेसला सूट द्यायची; माझं काम त्यावर चाललंय.

आकड्यांचं मात्र कौतुक. क्रेटची संख्या कुणी ‘१५०’ अशी मराठीत टाकली तरी ‘सगळे आकडेच आहेत का’ हे बघणारा इजडेसिमल ट्रू देतो आणि मजकुराची संख्या करणारा इंट ती थेट हिशेबाला घेतो.