कुत्र्याच्या चित्रासाठी पॉलिक्रोमोस: डबा नको, सुट्या घ्या

फाबर-कास्टेल कंपनीच्या पॉलिक्रोमोस या रंगीत पेन्सिली कुत्र्याची चित्रं काढायला कशा आहेत, असं मला बरेच जण विचारतात. उत्तर आधीच देऊन टाकतो. पेन्सिली एक नंबर. पण १२० रंगांचा डबा घेण्याच्या भानगडीत पडू नका. सुट्या घ्या, आणि वाचलेल्या पैशांचा कागद घ्या.

मी काही चित्रकार नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या होत्या, मग हात सुटला तो थेट लॉकडाउनमध्ये परत बसला. आता लोक रेबीजची लस टोचायला कुत्रं आणतात आणि जाता जाता फोटो पाठवतो म्हणून सांगून जातात. चित्राचे पैसे घेत नाही, कागद-काचेचा खर्च तेवढा घेतो. खर्च खिशातून जातो म्हणूनच कुठली वस्तू किती पुरते याकडे माझं बारीक लक्ष असतं.

आधी पेन्सिलीबद्दल. पॉलिक्रोमोस १९०८ पासून बाजारात आहे. शिसं ३.८ मिलिमीटर जाड, आणि त्यात मेणापेक्षा तेलाचा भर. कुत्र्याच्या चित्रात याने फरक पडतो, कारण अंगावरचा केस हा थरांवर थर देऊनच उभा राहतो. खाली फिका, त्यावर मधला, त्यावर गडद, मग पुन्हा फिका. मेणाच्या पेन्सिलीने चार-पाच थर दिले की कागद गुळगुळीत होतो आणि पुढचा रंग नुसता घसरतो. शिवाय काही दिवसांनी गडद भागावर मेणाची पांढुरकी झाक चढते. मऊ फडक्याने ती निघते, पण काळ्या कुत्र्याच्या चित्रावर ती आली की मालकाला वाटतं चित्र खराब झालं. आणि आमच्याकडचा मे महिना! पारा ४५ च्या वर गेला की मेणाच्या पेन्सिलीचं टोक इतकं मऊ पडतं की केसाच्या जागी दोरखंड उमटतो. तेलाचं शिसं त्या मानाने कडक राहतं, टोक धरून ठेवतं. भुवईवरचे आखूड केस, कानाच्या कडेची लव, हे सगळं त्या टोकावरच अवलंबून आहे.

टोक करायला शार्पनरपेक्षा ब्लेड बरं. लाकूड लांब तासायचं आणि शिसं पॉलिश पेपरच्या तुकड्यावर फिरवून घ्यायचं. तो भुगा फेकू नका, तो कापसाच्या बोळ्याने सावलीत घासायला चालतो.

आता डबा का नको ते. १२० रंगांत जांभळे, पोपटी, फिरोजी असे कितीतरी रंग आहेत जे कुत्र्याच्या अंगावर सापडत नाहीत. आपला गावठी कुत्रा बघा: तांबडा, बदामी, काळा, पांढरा, नाहीतर यांचीच सरमिसळ. त्याला तपकिरी आणि राखाडी लागतात, आणि त्या भरपूर लागतात. माझ्या पाऊचमध्ये कायम असतात त्या अशा (नावापुढचा आकडा म्हणजे पेन्सिलीच्या रंगाचा नंबर): क्रीम १०२, ब्राउन ऑकर १८२, बर्न्ट ऑकर १८७, रॉ अंबर १८०, बर्न्ट सिएना २८३, वॉलनट ब्राउन १७७, डार्क सेपिया १७५, पेन्स ग्रे १८१ आणि वॉर्म ग्रे, जे २७० ते २७५ पर्यंत आहेत. त्यातले एकाआड एक घेतले तरी भागतं. काळा १९९ आणि पांढरा १०१ असावेतच. जिभेला एक गुलाबी. आणि लाइट अल्ट्रामरिन १४० नक्की घ्या, ती कशाला ते पुढे सांगतो.

तांबड्या कुत्र्यात बर्न्ट ऑकर आधी झिजते, म्हणून ती दोन ठेवाव्यात. सुटी एक पेन्सिल शाळेच्या मुलांच्या बारा रंगांच्या अख्ख्या डब्यापेक्षा महाग पडते हे खरं. पण जी संपते तीच पुन्हा घ्यायची, बाकीच्या शंभर पेन्सिली कपाटात शोभेला ठेवायच्या नाहीत, हा हिशेब शेवटी स्वस्तच पडतो. पेन्सिलीवर तारेही छापलेले असतात. तीन तारे म्हणजे उजेडात सगळ्यांत जास्त टिकणारा रंग. आमच्याकडे चित्र दारासमोरच्या भिंतीवर लागतं, जिथे सकाळचं ऊन थेट येतं. तेव्हा तारे बघून घ्या.

पेन्सिलीचं एक मात्र कबूल करायला हवं, आणि हे कुठल्याही कंपनीच्या रंगीत पेन्सिलीला लागू आहे: गडद रंगावर पांढरा चढत नाही. काळ्या छातीवरचा पांढरा पट्टा, थूथनावरची म्हातारपणाची पांढरी लव, हे पेन्सिलीने नंतर आणता येत नाही. तिथे पेस्टल लागतं. पेस्टल म्हणजे कोरडं, खडूसारखं सॉफ्ट पेस्टल. शाळेत आपण वापरलेले तेलकट खडू ते ऑइल पेस्टल. त्यावर रंगीत पेन्सिल नीट धरत नाही, त्यामुळे इथे त्यांचा उपयोग नाही.

माझी रीत अशी की आधी सॉफ्ट पेस्टलने मोठे भाग भरायचे, बोटाने घासून कागदात जिरवायचे, जास्तीची भुकटी कागद उभा धरून मागून टिचकी मारून झाडायची. फुंकर मारायची नाही, थुंकी उडते आणि डाग पडतो. मग वरून पेन्सिलीने केस काढायचे. शेवटी पांढरा पेस्टल किंवा पेस्टल पेन्सिल, फक्त जिथे उजेड पडलाय तिथे. फाबर-कास्टेलच्याच पिट पेस्टल पेन्सिली ६० रंगांत येतात आणि त्यांचे नंबर पॉलिक्रोमोसशी जुळतात. म्हणजे दोन्हींत १८७ हा बर्न्ट ऑकरच. खालचा थर पिटचा आणि वरचे केस पॉलिक्रोमोसचे, रंगाचा अंदाज बांधत बसावं लागत नाही.

केसांची दिशा हा पेन्सिलीचा नाही, नजरेचा भाग आहे, पण सांगतो. कुत्र्याच्या तोंडावरचे केस नाकापासून मागे निघतात, कपाळावर वर चढतात, डोळ्यांना वळसा घालून कानाकडे जातात. छातीवर बहुतेक कुत्र्यांना भोवरा असतो. लस टोचताना मी हे रोज हाताखाली बघतो. कागदावर केस उलट्या दिशेने गेले तर कुत्रं भिजल्यासारखं दिसतं. मिशा मात्र पेन्सिलीने काढूच नका. सुरुवातीलाच रिकाम्या बॉलपेनने दाबून ओळ खणून ठेवा. वरून रंग फिरवला की खाचेत रंग जात नाही आणि मिशी आपोआप फिकी राहते.

कागदाकडे येतो, कारण माझ्या मते अर्ध्याहून जास्त पैसे इथे घालावेत. साध्या ड्रॉइंग पेपरवर पेस्टल बसतच नाही. मी कॅन्सन कंपनीचा मी-तांत कागद वापरतो, १६० ग्रॅमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढं वजन. त्याच्या एका बाजूला मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी आहे, दुसरी बाजू बारीक पोताची आहे. कुत्र्याच्या चेहऱ्याला बारीक बाजू घ्या, नाहीतर डोळ्यात जाळी दिसत राहते. रंगीत कागद घ्यावा, मी राखाडी किंवा मातकट घेतो. पांढऱ्या कुत्र्याला पांढरा कागद दिला तर कुत्रं दिसणार कुठे? क्लेअरफोंतेनचा पेस्टलमॅट ३६० ग्रॅमचा, त्याहून भारी. थर घ्यायला तो अफाट आहे, पण महाग आहे आणि तालुक्याला मिळत नाही. मी तो ठेवतो फक्त ज्यांचं कुत्रं गेलंय त्यांच्यासाठी. बिबट्याने उचललेलं, किंवा रानडुकरामागे धावताना तारेच्या कुंपणात सापडलेलं, अशी चित्रं अधूनमधून येतात. तिथे काटकसर करवत नाही.

उन्हाळ्यात एक गोष्ट विदर्भाबाहेरच्या कुणाला सुचणार नाही: कूलर. खसच्या ताटीतून येणारी ओली हवा कागद पितो आणि पापडासारखा फुगतो. पंखा लावावा तर पेस्टलची भुकटी सगळ्या घरात. म्हणून एप्रिल-मेमध्ये मी पहाटेच बसतो, कूलर सुरू व्हायच्या आत. हाताखाली बटर पेपर ठेवतो, घामाने पेस्टल पुसलं जात नाही. पावसाळ्यात कागद पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, नाहीतर कसर लागते.

आता ती लाइट अल्ट्रामरिन. कुत्र्याचं नाक आपण काळं समजतो, पण ओलं नाक आकाश दाखवतं. वरच्या कडेला निळसर चमक असते, मध्ये बारीक बारीक दाणे, नाकपुडीच्या बाजूला स्वल्पविरामासारखी चीर. ते नुसतं काळं भरलं की बटण लावल्यासारखं होतं. कापसाच्या शेताची जागल करणाऱ्या एका काकांच्या वाघ्याचं चित्र दिलं तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले.

"डाक्टरसाहेब, हा तं आपला वाघ्याच हाय न बापा! पण नाकाले हा निळा कायले लावला?"

वाघ्या बाहेरच बाभळीखाली बसला होता. मी म्हटलं, जाऊन बघा. ते गेले, त्याचं थूथन धरून उजेडाकडे वळवलं, परत आले.

"हाव. खरंच निळं हाय. दहा वर्सं झाले, म्या पाह्यलंच नोतं."

त्यांचीच एक दुसरी मागणी होती, ती मी मानली नाही. वाघ्याच्या डाव्या कानाला खाच आहे, नसबंदी झाल्याची खूण. ती चित्रात बुजवून द्या म्हणाले. मी म्हटलं, खाच बुजवली तर तो शेजारच्या गावचा कुत्रा होईल.

डोळ्यांबद्दल थोडं. रात्री फ्लॅश मारून काढलेला फोटो आणू नका. कुत्र्याच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून उजेड परततो आणि डोळा हिरवा-पिवळा चमकतो, खरा रंग कळतच नाही. सकाळच्या उन्हात, सावलीच्या कडेला, कुत्र्याच्या उंचीवर बसून फोटो काढा. उभं राहून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय इवलेसे येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की केस सगळे मेण होतात. गावठी कुत्र्याचा डोळा मधाच्या रंगाचा असतो, त्याला आधी क्रीम, मग ब्राउन ऑकर, कडेला डार्क सेपिया. पांढरा ठिपका शेवटी, पेस्टलचा, आणि एकच.

काळ्या कुत्र्याला काळी पेन्सिल सर्वांत शेवटी. आधी पेन्स ग्रे, डार्क सेपिया, थोडा निळा. काळा फक्त कानाच्या आत आणि जबड्याखाली.

खरेदीचं सांगतो. तालुक्याच्या दुकानात या पेन्सिली मिळत नाहीत, तिथे शाळेचा माल असतो आणि तोच असायला हवा. मी नागपूरला सीताबर्डीतल्या एका जुन्या दुकानातून घेतो. तिथे पेन्सिली नंबरप्रमाणे खणांत उभ्या ठेवलेल्या असतात आणि दुकानदार कोऱ्या कागदावर रेघ मारून बघू देतो. घाई करत नाही, हे मला जास्त आवडतं. घरपोच मागवलेल्या मालाचा अनुभव बरा नाही. एकदा आलेल्या पेन्सिली बाहेरून अगदी धड होत्या, पण तासायला घेतल्या की शिसं तुकड्या-तुकड्याने गळून पडायचं. वाटेत कुणीतरी खोकं आपटलं असणार. पेस्टलचा तर भुगाच आला. मागवायचंच असेल तर विक्रेत्याला आधी सांगा की पेन्सिली मऊ कागदात गुंडाळून टाका, आणि खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करा. त्याशिवाय परतीचा अर्ज कुणी ऐकत नाही.

फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग कागदावर पक्का करणारा फवारा, मी जवळजवळ वापरत नाही. फवारला की पांढरे केस मरतात, चमक जाते. केसांचा स्प्रे मारा असा सल्ला देणारे भेटतील, तो तर अजिबात नको. त्याऐवजी काच लावा. पण इथेही सांभाळा. आपल्याकडचे फ्रेमवाले देवाच्या तसबिरी करतात, त्यांना काच चित्रावर थेट टेकवायची सवय असते. पेस्टलवर काच टेकली की अर्धा वाघ्या काचेवर येतो. मध्ये माउंटची पट्टी घालायला सांगा, काच आणि कागदात फट राहिली पाहिजे. आमचा फ्रेमवाला आधी म्हणाला, "पट्टीचे पैसे येगळे पडतीन, साहेब." मी म्हटलं, पडू दे. आता तो कुत्र्याचं चित्र दिसलं की न विचारता पट्टी कापायला घेतो.