टाचदुखीचे सात महिने: डागण्या, रुईची पानं आणि तापलेली वीट

"आमच्या वेळी तापल्या विटेवर टाच ठेवायचो, की झालं," असं सासूबाई म्हणाल्या तेव्हा मी हसले होते. आता तीच वीट माझ्या गॅसशेजारी मुक्कामाला आहे.

माझं काम पोळ्यांचं. सकाळी साडेपाचपासून अकरापर्यंत ओट्यापाशी उभं, पायाखाली फरशी, पाय अनवाणी. डिसेंबरात उजवी टाच धरली. उठल्यावर पहिली दहा-पंधरा पावलं भिंत धरून चवड्यांवर टाकायची, मग पाय मोकळा व्हायचा. दुपारी जरा बसून उठलं की परत तेच. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, दुखणं हाडाचं कमी, तळव्याच्या ताणलेल्या पट्ट्याचं जास्त, प्लांटर फॅसायटिस. गोळ्या चालू तोवर बरं. मधे 'सात दिवसांत हाड विरघळतं' असल्या एका तेलावर साडेआठशे रुपये घालवले. चादरी तेवढ्या पिवळ्या झाल्या.

जानेवारीत वैद्यांकडे गेले. त्यांनी आधी माझ्या चपला उलट्या करून बघितल्या, मग टाच दाबली. नेमक्या जागी अंगठा रुतला आणि मी ओरडले. "वातकंटक," ते म्हणाले. सुश्रुतसंहितेत आहे हे; पाऊल वेडंवाकडं पडून वात टाचेच्या बाजूला अडकतो, असं. पुढचा प्रश्न, "शुगर आहे का?" मला नाही, म्हणून अग्निकर्म करू म्हणाले. आमच्या ह्यांचीही टाच दुखते, पण त्यांना मधुमेह आहे, तर साफ नाही म्हणून सांगितलं. जखम चिघळली तर काय करता?

अग्निकर्म म्हणजे सरळ भाषेत डागण्या. पाच धातूंची शलाका, म्हणजे बारीक सळई, लाल होईपर्यंत तापवतात आणि दुखऱ्या जागी टिंबं देतात. मला पंधरा-सोळा दिली. चर्र आवाज, केस जळल्यासारखा वास. टाचेची कातडी जाड, त्यामुळे चटका सुईइतकाच. दोन टिंबं मात्र कडेच्या मऊ कातडीवर पडली, ती झोंबली आणि तिथे फोड आला. लगेच कोरफडीचा गर लावला. त्या दिवशी पाय भिजवायचा नाही. स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं!

दुसऱ्या दिवशी भिंत न धरता न्हाणीघरापर्यंत गेले. खोटं नाही. पण पाचव्या दिवशी अर्धं दुखणं परत आलं. आठवड्याच्या अंतराने चार वेळा केलं, दर वेळी तीनशे रुपये. प्रत्येक वेळी आराम थोडा जास्त टिकला, एवढंच म्हणेन. जोडीला योगराज गुग्गुळ, म्हणजे पोटात घ्यायचं आयुर्वेदिक औषध, दीड महिना घेतला. मला जळजळ व्हायची, मग वैद्यांनीच थांबवला.

खरा रोजचा आधार विटेचा. रात्री टाचेला सहचर तेल चोळायचं. वीट तापवायची, तिच्यावर रुईची दोन-तीन पानं, वर सुती फडकं, आणि टाच टेकवायची. वीट फार तापली तर पान करपतं आणि टाचही. आधी मनगटाच्या आतल्या बाजूने अंदाज घ्या. रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये, पानं तोडल्यावर हात धुवाच.

हे सगळं चालू असताना ओट्यापाशी जाड रबरी चटई टाकली, मऊ तळव्याच्या चपला घेतल्या, डॉक्टरांनी दाखवलेले पोटऱ्यांचे ताणही सोडले नाहीत. त्यामुळे श्रेय कोणाला किती, हे मला सांगता यायचं नाही. चटईला बरंच असावं. जूनमध्ये पुन्हा एक्स-रे काढला: हाड होतं तसंच आहे. दुखणं मात्र बारा आण्यांनी गेलंय. लग्नाघरी दिवसभर उभं राहिलं की त्या रात्री ठणकते.

पानं मी मारुतीच्या देवळाबाहेरून आणते. शनिवारी तिथे रुईच्या माळा असतात. मागच्या शनिवारी फुलवालीनं मला लांबूनच ओळखलं. "ताई, आज मारुतीला की टाचेला?"